एकशे बारा मिलिसेकंद

मॅटखाली सहा हजार दोनशे चाळीस संवेदक होते. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद मैदान, एका चौरस मीटरला अठ्ठेचाळीस. त्यांतले सतरा बंद पडलेले, आणि ते नेमके कुठले हे मला पाठ होतं. छताला बारा कॅमेरे. संघात अठरा खेळाडू, म्हणजे छत्तीस गुडघे आणि छत्तीस घोटे, प्रत्येकाच्या आठवड्यातून दोन प्रतिमा. मागच्या तीन हंगामांतल्या चार हजार एकशे सहा चढाया. एवढ्या सगळ्यातून मी प्रत्येक खेळाडूमागे एक आकडा काढायची. त्यांतला एक आकडा चुकला होता, आणि तो मी चुकवला होता.

हे २०३९ सालच्या एप्रिलमधलं आहे. सांगलीत बाहेर पारा पंचेचाळीसवर होता आणि कृष्णाकाठ झुंजार या आमच्या व्यावसायिक कबड्डी संघाचा सराव थंड केलेल्या बंद सभागृहात चालायचा. मी शर्वरी पोतदार, मूळची हुपरीची, जीवभौतिकशास्त्रात एमएस्सी. संघात माझं काम मोजायचं. निर्णय वरचे घेत.

मोजायचं ते असं. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा म्हणजे लाखो बारीक तंतूंचा पीळ. प्रत्येक उडीला, प्रत्येक धडकेला त्यांतले काही तंतू तुटतात. वय लहान असेल तर शरीर ते पुन्हा विणतं. तिशीनंतर विणकाम मागे पडत जातं. पाच वर्षांपूर्वी एक पद्धत निघाली. कंडरेतून ध्वनीची एक हलकी लहर सोडायची आणि ती किती वेगानं पलीकडे पोचते ते पाहायचं. तंतू शाबूत असतील तर लहर झपकन जाते, तुटके असतील तर रेंगाळते. त्या वेगावरून हा गुडघा अजून किती धडका सोसेल, हे शंभरात पाचाच्या फरकानं सांगता येतं.

दुसरं मोजमाप प्रतिसादाचं. चढाई करणारा वळतो तेव्हा त्याच्या पायाखालचा दाब टाचेकडून चवड्याकडे सरकतो. तो क्षण मॅटला कळतो. बचाव करणारा झेपावण्यासाठी जमीन रेटतो, तोही क्षण कळतो. दोहोंमधलं अंतर म्हणजे प्रतिसादाचा वेळ. ही दोन मोजमापं ‘वेध’ नावाच्या प्रणालीत घातली की ती पुढच्या पाच हंगामांत तो खेळाडू किती गुण मिळवून देईल ते सांगते.

यल्लाप्पा मगदूम, वय चौतीस, डाव्या कोपऱ्याच्या शेजारी उभा राहणारा: एक्केचाळीस गुण.

अभिनंदन चौगुले, वय वीस, डावा कोपरा: तीनशे अठरा गुण. सरासरी प्रतिसाद एकशे बारा मिलिसेकंद.

माणसाच्या डोळ्यानं पाहून हात-पाय हलायला एकशे ऐंशी ते अडीचशे मिलिसेकंद लागतात. धावण्याच्या शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजानंतर शंभराच्या आत कुणी हललं तर त्याला बाद करतात, कारण तेवढ्यात मेंदूला आवाज पोचून पाय हलूच शकत नाहीत. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले होते. तरी एकशे बारा पाहिल्यावर मी उपकरण तपासलं नाही. अहवालात लिहिलं: असाधारण.

*

“पानिपतवाले दोन पोरं द्यायला तयार आहेत,” मिहिर सबनीस म्हणाले. ते संघाचे संचालक, पुण्याचे. आवाज कधी चढवत नसत. “एक वीसचा, एक एकोणीसचा. दोघांचे मिळून चारशे बारा. आणि आपण देतोय एक्केचाळीस.”

प्रशिक्षक जमीर मुल्ला सर खुर्चीच्या कडेवर बसले होते. “साहेब, यल्लाप्पा गेला की डावी बाजू बसली म्हणून समजा.”

“का?”

“बसली म्हणजे बसली. तीस वर्षं बघतोय मी.”

“सर, ही तुमची भीती झाली. मॅटवर कुठं दिसते ती?”

मुल्ला सरांनी माझ्याकडे पाहिलं. “शर्वरी, सांग की गं.”

मी तक्ता पुन्हा वर-खाली केला. डाव्या बाजूच्या पकडींत पहिला हात अभिनंदनचा होता, झेप त्याची होती, गुण त्याच्या नावावर होते. यल्लाप्पा शेवटी येऊन पडायचा आणि कंबर धरायचा.

“तसं काही दिसत नाही,” मी म्हणाले.

सबनीसांनी सही केली. मला त्या वेळी जे वाटलं ते लिहायला हवं. मला बरं वाटलं. माझ्या आकड्यानं कुणीतरी काहीतरी ठरवलं होतं.

*

यल्लाप्पाला सगळे आण्णा म्हणत. दुसऱ्या दिवशी तो गुडघ्याचे पट्टे परत करायला माझ्या खोलीत आला.

“काय ओ पैंजणवाल्या बाई,” हुपरीच्या चांदीच्या पैंजणांवरून तो मला नेहमी तेच म्हणायचा, “विकलंसा म्हणं मला.”

“विकलं नाही आण्णा. अदलाबदल आहे.”

“म्हशीचीबी अदलाबदलच असती बाजारात. तिथं दात बघत्यात, तुम्ही कंडरा बघितली.” त्यानं पट्टे टेबलावर ठेवले, एकावर एक, कडा जुळवून. “दावा की माझा आकडा.”

मी दाखवला.

“आणि पोराचा?”

तोही दाखवला. तो वाकून बराच वेळ पाहत राहिला. मग हसला. मला राग आला, कारण ते हसू माझ्यावर होतं.

“तीनशे अठरा. झ्याक हाय. त्यातलं माझं किती, ते कवातरी काढा.”

“म्हणजे?”

“काय न्हाई. रेल्वे हाय माझी.”

म्हाताऱ्या खेळाडूचं कडू बोलणं म्हणून मी ते सोडून दिलं. दारापर्यंत पोचवायलाही उठले नाही.

*

आण्णा गेल्यावर दोन सामने झाले. डाव्या बाजूनं एकोणीस चढाया आल्या. अभिनंदननं तीन पकडल्या. त्याआधीच्या दोन सामन्यांत बावीसपैकी चौदा पकडल्या होत्या.

सबनीस म्हणाले, नवा शेजारी आहे, जुळायला वेळ लागेल. नवा शेजारी म्हणजे पानिपतहून आलेला दीपेंदर, वय एकोणीस, उत्तम कंडरा.

दुसऱ्या सामन्यात अभिनंदन उशिरा झेपावला. चढाईवाला तोवर पूर्ण वळला होता. त्याच्या मांडीचा सगळा भार अभिनंदनच्या डाव्या गुडघ्यावर बाजूनं आला. प्रतिमेत गुडघ्याची हाडं बांधून ठेवणाऱ्या आतल्या अस्थिबंधाचे शंभरात एकवीस तंतू तुटलेले दिसले. ‘वेध’नं सांगितलं: पट्टी बांधून खेळता येईल, पूर्ण फाटण्याची शक्यता शंभरात चार.

चार हा आकडा मला खटकला. मी त्याचं गणित उघडलं. शक्यता काढताना प्रणालीनं प्रतिसाद एकशे बारा धरला होता. एवढ्या लवकर हलणाऱ्याला अशी धडक बसतच नाही, म्हणून चार. पण त्याला ती बसली होती, आम्ही सगळ्यांनी पाहिली होती.

मग एकशे बारा पाहिलं तेव्हाच जे करायला हवं होतं ते मी आता केलं. कॅमेऱ्याची चित्रं काढली, सेकंदाला दोनशे चाळीस, आणि पायांवरून नजर उचलून वर पाहिलं. कबड्डीत बचाव करणारे एकमेकांचे हात धरून साखळीत उभे असतात. लहान पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. माझ्या सहा हजार दोनशे चाळीस संवेदकांतला एकही हातात नव्हता.

आण्णा आणि अभिनंदन हात धरून उभे असतानाच्या चढायांतल्या चौसष्ट मी एकेक चित्र करून पाहिल्या. एकसष्टांत आण्णाच्या मनगटावरची शीर ताठ झालेली दिसत होती, म्हणजे त्यानं हात दाबलेला. चढाईवाला वळण्याच्या सरासरी त्रेचाळीस मिलिसेकंद आधी.

स्पर्शाला माणूस नजरेपेक्षा लवकर प्रतिसाद देतो, साधारण एकशे पंचावन्न मिलिसेकंदांत. एकशे पंचावन्नातून त्रेचाळीस गेले. एकशे बारा.

मी खुर्ची मागे ढकलली ती भिंतीला आपटली.

*

“व्हय, दाबायचो,” आण्णा फोनवर म्हणाला. मागे कुणीतरी हरयाणवीत ओरडत होतं. “तुमच्या मॅटला हात कुठं कळतुय?”

“तुम्हाला आधी कसं कळायचं? तो वळायच्या आधी?”

“त्याचा दम ऐकायचा. कबड्डी कबड्डी म्हणताना वळायच्या आधी आवाज जरा खाली येतोय. पाय खोटं बोलतुय, दम बोलत न्हाई.”

“आणि अभिनंदनला ऐकू येत नाही?”

“अजून न्हाई. वीस वर्साच्या पोराला कुठलं ऐकू येतंय? नुसतं बघतंय ते.” मागचा आरडाओरडा दूर गेला. “आमच्याकडं कोपरा हातावर वाढवत्यात. पयल्यांदा वेळेवर दाबायचं. मग जरा उशिरा दाबायचं, म्हंजे पोरगं आपलं आपण ऐकाय लागतंय. मग एक दिवस दाबायचंच न्हाई. मलाबी असंच वाढवलेलं. चार वर्सं लागत्यात. आमची तीन झाली होती. औंदा उशिरा दाबाय सुरुवात करायची होती.”

“आण्णा, हे तुम्ही तेव्हा का नाही बोललात? माझ्या खोलीत?”

“आणि पोराचा आकडा पाडू? त्यो हुता तीनशे अठरावाला. मी सांगितलं असतं तर मी ऱ्हायलो असतो, आणि त्याच्या पोटावर पाय पडला असता.” आता त्याचा आवाज खरंच चढला. “तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हाला नगं कळाय? पोरगं म्हंजे काय नुसतं देवानं दिलेलं पाय हाईत व्हय? माझी तीन वर्सं त्याच्या नावावर लिवली, आणि मला म्हातारा म्हणून काढलं. दोन्ही एकाच कागदावर.”

मी अभिनंदनची प्रतिमा पडद्यावर परत उघडली.

“त्याचा गुडघा कसा हाय?” त्यानं विचारलं.

मी सांगितलं.

“खेळवू नगा त्याला,” तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

*

सबनीसांनी माझं सगळं ऐकून घेतलं. चित्रं पाहिली. त्यांना लगेच समजलं, यातच मला जास्त चीड आली. न समजणाऱ्या माणसाला समजावता येतं.

“छान काम केलंस,” ते म्हणाले. “आता हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे आणि मगदूमला माहीत आहे. चौथ्याला नको.”

“गुरुवारच्या सामन्यात त्याला बसवा.”

“गुरुवारी त्याला बघायला दोन संघांचे लोक येतायत. शुक्रवारी अदलाबदलीची मुदत संपते.”

“तुम्ही त्यालाही देणार? तीनशे अठरा म्हणून?”

“आकडा तुझा आहे, शर्वरी. मी कुठं काढला?”

“फाटण्याची शक्यता चार नाही. खरा प्रतिसाद धरला तर एकतीस आहे.”

“खरा म्हणजे कुठला? मोजलायस?”

मोजला नव्हता. पण मोजायची वाट होती. दुखापत झालेल्या खेळाडूबद्दल शंका असेल तर संघातला मोजमाप करणारा कुणीही चाळीस चढायांची चाचणी मागू शकतो, हा लीगचा सुरक्षा नियम. सरासरी दोनशे चाळीसच्या वर गेली तर त्या हंगामात त्याला कोपऱ्यात उभं करता येत नाही. नोंदीचं बटण दाबलं की निकाल त्याच क्षणी थेट लीगकडे जातो, संघाला तो पुसता येत नाही. अट एकच, खेळाडूची संमती.

“माग चाचणी,” सबनीस म्हणाले. “तो देणार नाही. कोण स्वतःच्या हातानं देईल?”

*

अभिनंदन बाकावर पाय लांब करून बसला होता, गुडघ्यावर बर्फ. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. तो बर्फाची पिशवी फिरवत राहिला.

“ताई, तीनशे अठरा तुम्हीच म्हणाला होतासा.”

“हो.”

“आता तुम्हीच पुसणार.”

“हो.”

“आमच्या समडोळीत फ्लेक्स लागलाय, माझ्या फोटोखाली एकशे बारा लिहून. आज्ज्याला मिलिसेकंद म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण येईल त्याला सांगतोय, आमचा नातू एकशे बारा हाय.” तो हसायला गेला, जमलं नाही. “तुम्हाला काय, तुम्ही दुसरा कागद काढाल. माझा पाय हाय आणि माझंच नाव हाय.”

“म्हणूनच विचारतेय. नाही म्हणालास तर गुरुवारी तू खेळशील.”

“आणि फाटला तर?”

“दोन वर्षं. कदाचित कायमचा.”

त्यानं बर्फ परत गुडघ्यावर ठेवला. मी विचारलं, “आण्णा हात दाबायचे ते तुला कळत होतं?”

“कळत नव्हतं असं नाही.” त्यानं शब्द शोधले. “पण आधी मी हललो का आधी हात दाबला, हे मला सांगता यायचं नाही. आमचं एकच असायचं ते. मला वाटायचं माझंच हाय.”

“मलाही तसंच वाटलं.”

“तुम्हाला वाटून चालत नाही ओ,” तो एकदम तडकून म्हणाला. “तुमचं तेच काम हाय ना? आण्णाला घालवलंसा तुम्ही. मी त्याला स्टेशनवर सोडायला गेलो, तर मला म्हणतोय, कान उघडे ठेव. एवढंच. मला वाटलं, लोकं काय बोलत्यात तिकडं लक्ष ठेव म्हणतोय.”

त्यानं पिशवी बादलीत टाकली. “कधी घ्यायची चाचणी?”

*

गुरुवारी सकाळी दहाला मॅटवर सहा जण होते: अभिनंदन, दीपेंदर, राखीव चढाईवाला, मुल्ला सर, सबनीस आणि मी. सतरा बंद संवेदक आदल्या दिवशी मी स्वतः बदलले होते.

पहिल्या चाळीस चढाया अभिनंदन एकटा उभा राहिला, हात मोकळे. मुल्ला सर मोठ्यानं मोजत होते. गुडघ्यावर पट्टी असूनही तो नीट हलला. चाळिसावी संपल्यावर पडद्यावर आकडा आला: दोनशे चौदा.

सबनीस उठून उभे राहिले. “दोनशे चाळीसच्या आत आहे. झालं. नोंद कर.”

दोनशे चौदा. वीस वर्षांच्या चांगल्या पोराचा चांगला प्रतिसाद. त्याच्यात खोट कुठलीच नव्हती, आणि तो एवढाच होता. या आकड्यावर त्याला दुपारी मैदानात उतरवता आलं असतं.

“सामन्यात तो एकटा उभा राहत नाही,” मी म्हणाले. “नियमात लिहिलंय, खेळतानाच्या स्थितीत. हात धरून चाळीस झाल्याशिवाय चाचणी पुरी होत नाही.”

“मोकळ्या हातांनी सगळे संघ घेतात.”

“सगळे संघ चुकतात.”

“शर्वरी, आजच्या दुपारनंतर तू इथं नसशील, कळतंय ना तुला?”

“कळतंय. मुल्ला सर, साक्षीदार म्हणून थांबता ना?”

मुल्ला सर सबनीसांकडे न बघता म्हणाले, “मी कुठं चाललोय?”

सबनीस मॅटच्या कडेला गेले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “अभिनंदन, तू नाही म्हणू शकतोस. तुझा हक्क आहे. दोनशे चौदावर थांब, पट्टी घट्ट बांध, एक सामना काढ.”

अभिनंदननं माझ्याकडे पाहिलं नाही, त्यांच्याकडेही नाही. दीपेंदरला मराठी येत नव्हतं, तो नुसता या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होता. अभिनंदननं चड्डीला तळहात पुसला आणि दीपेंदरपुढे धरला. “पकड, भाई.”

चढाया सुरू झाल्या. चढाईवाला आत यायचा, दम घुमायचा, पाय हलायचे. अभिनंदनचे डोळे त्याच्यावर होते, उजव्या हाताची बोटं मात्र दीपेंदरच्या हातात दाबाची वाट बघत ताठ झालेली. दीपेंदर हात धरायचा, एवढंच. सातव्या चढाईला अभिनंदन धडपडला. अकराव्याला त्यानं दात आवळले. विसाव्यानंतर मुल्ला सरांनी मोठ्यानं मोजणं थांबवलं, नुसती बोटं मिटत राहिले. सबनीस फोनवर कुणालातरी म्हणत होते की दुपारचा संघ अजून ठरायचा आहे.

चाळिसावी संपली. अभिनंदननं हात सोडवून घेतला आणि मॅटवर बसला. मी नोंदीचं बटण दाबलं.

डावा कोपरा, हात धरून, चाळीस चढाया. सरासरी प्रतिसाद: दोनशे त्रेसष्ट मिलिसेकंद.